पाणी सोडणाऱ्या तात्यांना कामात गोडी कशी लागेल?

नवा_ग्रामसेवक
मंडळी, गाव ९०० वस्तीचं. ५० हजार लिटरची उंच टाकी, विहिरीवर मोटर आणि पाणीपुरवठ्याला एकच माणूस. सगळे त्यांना तात्या म्हणतात, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. कामचुकार अजिबात नाहीत. पहाटे मोटर, सहाला व्हॉल्व्ह, रोज टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर. पण किती टाकली विचारलं की "टाकली की दोन ओंजळी." पाणी आलं तर कुणी नाव घेत नाही, नाही आलं तर अख्खी आळी त्यांच्या दारात. मेमो काढून किंवा आवाज चढवून मला हे सुधारायचं नाही. हे काम आपलं आहे असं त्यांना वाटावं, यासाठी नेमकं काय करावं? भाषण नको, उद्या सकाळी करता येईल असं सांगा.

विहीरकाठ
आधी तुमचा रोजचा प्रश्न बदला. "पावडर टाकली का?" याला "हो" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी "शेवटच्या नळाला किती निघालं?" असं विचारा. पावडर टाकणं ही हमाली झाली. टोकाच्या घरात क्लोरीन पोचलं की नाही, हे बघणं म्हणजे राखण. माणूस तोच, काम बदलतं.

आता माप. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल असेल तर १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला २५० ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर तात्यांच्याच हाताने २५० ग्रॅम तोलून घ्या, प्लॅस्टिकच्या मगमध्ये ओता आणि जिथवर येईल तिथे मार्करने रेघ ओढायला त्यांनाच सांगा. रेघ तुम्ही ओढलीत तर तो तुमचा मग होईल.

पावडर थेट टाकीत टाकायची नाही. आधी थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, मग प्लॅस्टिकच्या बादल्यांमध्ये वाटून पाणी वाढवून ढवळायचं. बादलीमागे १०० ग्रॅमच्या वर नको, म्हणजे तीन बादल्या. दहा मिनिटं थांबलं की चुना खाली बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत, गाळ बाहेर. टाकी पाव भरली असताना निवळी ओतली तर वरून पडणाऱ्या पाण्याने आपोआप मिसळते. भरलेल्या टाकीत ओतली तर नीट मिसळत नाही, मग एका आळीला उग्र वास आणि दुसऱ्या आळीला नुसतं पाणी. त्यानंतर अर्धा ते एक तास व्हॉल्व्ह उघडायचा नाही. गावात सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच, कारण सहा वाजले की हंडे वाजायला लागतात.

सरळसोट
वरचं सगळं बरोबर. पण कामाची गोडी वगैरे बोलण्याआधी पगार कधी होतो ते बघा. तीन-तीन महिने थकलेल्या माणसाला राखणदार म्हणणं म्हणजे थट्टा आहे. पगाराची तारीख ठरवा, रबरी हातमोजे आणि मास्क द्या (टीसीएलची धूळ घशात गेली की काय होतं ते कालवून बघितल्याशिवाय कळत नाही), आणि सुट्टीच्या दिवसासाठी दुसरा माणूस तयार करा. तो तात्यांनीच शिकवायचा. पंधरा ऑगस्टला नारळ आणि शाल दिली की आपली जबाबदारी संपली, असं समजणाऱ्या पंचायती कमी नाहीत.

ओटीवाला
ग्रामसेवक साहेब, खरी मेख पुढे आहे. शेवटच्या नळाला ओटी, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून मोजायची चाचणी, करायला सांगाल आणि एक दिवस तात्या येऊन म्हणतील, "आज निगेटिव्ह आली," म्हणजे क्लोरीन शून्य. त्या क्षणी तुमचा चेहरा कसा होतो, यावर पुढचं सगळं ठरतं. एकदा जरी "असं कसं झालं?" म्हणून खेकसलात, तर दुसऱ्या दिवसापासून वहीत रोज ०.५ (लिटरमागे मिलिग्रॅम क्लोरीन) दिसेल. महिनाभर एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं ०.५, ०.५, ०.५. अशी वही बघितली की मी पाणी आधी तपासतो, वही नंतर. खऱ्या वहीत ०.५ असतं, ०.२ असतं, मध्येच शून्य असतं आणि शून्यापुढे "पाइप फुटला" असं वाकड्या अक्षरात लिहिलेलं असतं. शून्य सांगायला येणाऱ्या माणसाला आधी चहा विचारा, मग दोघं मिळून कारण शोधा.

कारणं बहुतेक ठरलेली. पहिलं, पावडर मेलेली. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की क्लोरीन उडून जातं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नका. २५ टक्के असेल तर २५० ग्रॅमऐवजी ३३० ग्रॅम लागेल. पोतं फळीवर, कोरड्या अंधाऱ्या खोलीत, तोंड घट्ट बांधून, आणि मोटरच्या स्टार्टरपासून लांब, नाहीतर सगळं गंजतं. दुसरं, पावसाळ्यातलं गढूळ पाणी. गाळच क्लोरीन खाऊन टाकतो, नळापर्यंत काही उरत नाही. तिसरं आणि सगळ्यात वाईट म्हणजे गटारातून गेलेली फुटकी लाइन. पाणी बंद झालं की पाइपात ओढ तयार होते आणि गटाराचं पाणी आत येतं. टाकीखालच्या नळाला ०.५ आणि टोकाला शून्य दिसलं, तर मधल्या दोन-तीन नळांवर ओटी करत जा. जिथे आकडा एकदम पडतो, त्याच्या आसपास खोदा.

ओटी करतानाची चूकही सांगून ठेवतो. नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा, नळी त्याच पाण्याने विसळायची, ओटीच्या औषधाचे थेंब टाकून हलवायचं आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत, पांढऱ्या कागदासमोर उजेडात रंग जुळवायचा. पिवळा रंग नंतर गडद होत जातो, पण ते मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, क्लोरीन नव्हे. टोकाला निदान ०.२ हवं. तपासलेलं पाणी गटारात, हंड्यात नाही. ते औषध विषारी आहे.

नवा_ग्रामसेवक
वहीचा मुद्दा लागला. एक शंका. वरच्या आळीतल्या बायका म्हणतात, पाण्याला औषधाचा वास येतो, म्हणून तात्या हात आखडता घेतात. त्यांना मी काय सांगू?

विहीरकाठ
तुम्ही काही सांगू नका, तात्यांना सांगू द्या. वरची आळी टाकीजवळ असणार, तिथे वास येणारच. मिसळणं आणि तासभर थांबणं जमलं की निम्म्या तक्रारी जातील. उरलेल्यांसाठी एक ओटी त्या बायकांच्या ओट्यावरच करायची. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवतात. तुमच्याकडे त्या असतील तर आठवड्यातून एकदा त्यांनी आणि तात्यांनी एकत्र टोकाचा नळ तपासावा. नळीतला पिवळा रंग डोळ्यांनी दिसला की वासाची तक्रार करणारीच उद्या विचारते, "तात्या, आज किती आलं?" तुमच्या शाबासकीपेक्षा या प्रश्नाचं वजन जास्त आहे.

ओटीवाला
आणि मासिक सभेत एक ठराव घ्या: पावडर संपली, मिसळली नाही किंवा लाइन फुटली, तर व्हॉल्व्ह बंद ठेवायचा निर्णय तात्यांचा. सरपंचांचा फोन आला तरी. त्या दिवशी दवंडी देऊन पाणी उकळून प्यायला सांगणं, हे काम पंचायतीचं. अधिकार नसेल तर ओटी करून उपयोग काय, शून्य बघूनही सहाला व्हॉल्व्ह उघडावाच लागणार.

आरोग्य खात्याचं पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, त्यावर धोक्यानुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. सर्वेक्षणाची माणसं येतील तेव्हा कार्यालयात बसून माहिती देऊ नका. विहीर, टाकी, गळती तात्यांनाच दाखवू द्या, तुम्ही दोन पावलं मागे चाला.

सरळसोट
पगाराची तारीख त्याच ठरावात घाला.