मदत हवी आहे: उरलेल्या ज्वारीच्या भाकरीचं थालीपीठ जमत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, घरात मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी येते. मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून हाताला अंदाज राहिला नाही आणि रोज दोन-तीन भाकरी उरतात. इतकी गोड, पांढरीशुभ्र ज्वारी टाकून द्यायला जीव होत नाही.

कुसकरा आम्हाला आवडतो. भाकरी हाताने बारीक चुरायची, ताकाचा हबका मारून दहा मिनिटं झाकायची, मग शेंगदाणे, कांदा, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी. ताकामुळे चुरा मऊ राहतो, नुसत्या पाण्याने गोळे होतात. उन्हाळ्यात ताकातला काला, वर लसणाची फोडणी. पण आठवड्यातून चार दिवस हेच खाऊन सासरे कंटाळलेत.

म्हणून भाकरी दोन दिवस कडक वाळवून मिक्सरला फिरवली आणि त्या पिठाचं थालीपीठ लावलं. दोन वाट्या चुऱ्याला अर्धी वाटी बेसन, आदल्या दिवशीचं घट्ट वरण, कांदा, कोथिंबीर, तीळ. चव सुरेख होती, पण उलटताना तुकडे झाले. आधीच भाजलेलं पीठ असल्यामुळे चिकटपणा येत नसावा.

कुणी असं करतं का? बेसन वाढवू की थोडी कणीक घालू? उकडलेला बटाटा नको, सासऱ्यांना साखर आहे. आणि वाळवलेला चुरा पावसाळ्यात डब्यात किती दिवस टिकतो? तुमचं नेमकं प्रमाण वाटीच्या मापात सांगा, उद्याच करून बघते.