मदत हवी आहे: फवारणीला पाणी दिलं, आता दिवस गेल्याचं कळलं. ठेवावं का नाही?

सेलूचा_कापूस:
अर्जंट आहे, ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा. मंडळीला दिवस गेलेत, काल किटवर कळलं. मागच्या आठवड्यात कपाशीवर फवारणी चालू होती, गडी मिळेना म्हणून तीच टाकीत पाणी ओतत होती, औषध पण तिनंच कालवलं. आता घरात एकच बोलणं, लेकरू अधू निघंल, आत्ताच मोकळं करा. सासुरवाडीचे पण तेच म्हणायलेत. मेडिकलवाला गोळ्या देतो म्हणतोय. ठेवावं का नाही, एवढंच सांगा.

नर्सताई_जालना:
दादा, आधी गोळ्यांचं थांबवा. डॉक्टरनं न तपासता मेडिकलवरच्या गोळ्या घेतल्या आणि गर्भ पिशवीत नसून नळीत असला तर जीवावर बेततं. बाकी सांगायला माहिती लागते. शेवटची पाळी कधी आली? औषध कोणतं? त्या दिवशी किंवा नंतर उलटी, घाम, तोंडाला लाळ, छाती भरल्यासारखं, असं काही?

सेलूचा_कापूस:
औषध नेहमीचंच. त्रास काही नाही, नुसतं डोकं दुखलं. आता सांगा.

नर्सताई_जालना:
नेहमीचंच म्हणजे काय? डबा हातात घ्या, वाचा आणि लिहा. पाळीची तारीख पण लिहा.

गोदाकाठचा_शेतकरी:
म्हणून मी म्हणतो, विषाची शेतीच बंद करा. निंबोळी अर्क, दशपर्णी, कामगंध सापळे. माझ्या रानात डबा येत नाही, घरातली लेकरं ठणठणीत.

परभणी_पाटील:
अहो, त्यांच्या घरात आत्ता काय चाललंय आणि तुम्ही दशपर्णी शिकवायलात! फवारणी होऊन गेली.

गोदाकाठचा_शेतकरी:
होऊन गेली म्हणून पुढची पण करायची का? या हंगामात अजून दोन-तीन होतील, तेव्हा कोण पाणी देणार?

सेलूचा_कापूस:
डब्यावर प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन लिहिलंय. पिवळा त्रिकोण. पाळी येऊन सहा आठवडे झाले.

किटक_मित्र:
तुडतुड्यांसाठी मारलं का? त्याला फ्लोनिकामिड चांगलं चालतं. 

परभणी_पाटील:
दादा, वेगळा धागा काढा ना.

नर्सताई_जालना:
आता बोलता येतं. लाल आणि पिवळा त्रिकोण म्हणजे जास्त विषारी औषधं. प्रोफेनोफॉस ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणजे मज्जातंतूंवर काम करणाऱ्या विषांच्या गटातलं, हे कातडीतून पण अंगात जातं, आणि या गटातली औषधं वारेतून, म्हणजे नाळेच्या वाटेनं, बाळापर्यंत पोचतात. म्हणून काळजी खरी आहे. पण एकदा हात लागला म्हणून बाळ अधू होणारच, असं कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. त्यावरून गर्भ पाडायचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका. गरोदर बायांवर जे अभ्यास झाले त्यात मुलांच्या शिकण्यावर, लक्ष लागण्यावर परिणाम दिसला तो मुख्यतः सतत संपर्क आला तिथं. म्हणजे पुढचे महिने आपल्या हातात आहेत.

उद्याच डॉक्टरकडे न्या. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, पण तिची वाट बघू नका. डब्याचा फोटो दाखवा. फॉलिक ॲसिडची गोळी आजच विचारून सुरू करा, बाळाचा मेंदू-मणका याच दिवसांत घडतो. पुढं 11 ते 14 आठवड्यांत एक सोनोग्राफी आणि 18 ते 20 आठवड्यांत अवयव बघायची मोठी सोनोग्राफी चुकवू नका. सोनोग्राफीत घडण दिसते, बुद्धी दिसत नाही, तेवढं लक्षात ठेवा. आणि डबे घरात कुठं असतात?

सेलूचा_कापूस:
बाजेखाली. दुसरीकडं जागा नाही, चोरीला जातात.

नर्सताई_जालना:
त्याच बाजेवर ती झोपते?

सेलूचा_कापूस:
हो.

शांताबाई_अंबड:
लेकरा, घाबरू नको. येत्या ग्रहणाला तिला बाहेर काढू नको, विळी-सुरी हातात देऊ नको. आणि घरावर मोबाईलचा टॉवर असला तर माहेरी पाठव.

नर्सताई_जालना:
मावशी, ग्रहणानं बाळाला काही होत नाही, पण ग्रहण पाळायचं म्हणून गरोदर बाईला दिवसभर उपाशी-तहानलेलं ठेवलं तर होतं. टॉवरचं पण मनातून काढा. एक्स-रे काढायची वेळ आली तर मात्र दिवस गेलेत हे आधी सांगायचं.

भूजल_पाहणारा:
प्यायचं पाणी कुठलं आहे हे कुणीच विचारलं नाही.

सेलूचा_कापूस:
शेतातली विहीर. फवारणीचा पंप पण तिथंच धुतो. उकळून देऊ का?

धाराशिव_आरओ_सेवा:
आरओ बसवा, विषय संपला.

भूजल_पाहणारा:
आधी तपासा, मग मशीन. उकळून जंतू मरतात, औषध आणि नायट्रेट, म्हणजे खतातून पाण्यात उतरणारा क्षार, जात नाही. उलट पाणी आटलं की नायट्रेटचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, फ्लोराईड 1.5 च्या वर नको. युरिया-डीएपी पडणाऱ्या रानातल्या विहिरींत नायट्रेट वाढलेलं सापडतं. उद्या बाळाला वरचं दूध द्यायची वेळ आली तर तेच पाणी त्यात जाईल, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नायट्रेट लवकर बाधतं, अंग निळं पडतं. ग्रामपंचायतीत तपासणीचं किट असतं, जिल्ह्याला भूजल यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. पण फवारणीचं औषध साध्या तपासणीत कळत नाही. म्हणून पंप विहिरीवर धुणं आजपासून बंद, आणि पिण्याला नळाचं आणा.

परभणी_पाटील:
घरात चूल आहे का? कुणी मिसरी लावतं का?

सेलूचा_कापूस:
सगळेच लावतात. आई चुलीवर तव्यात तंबाखू भाजते, डबी भरून ठेवते. मंडळी सकाळ-संध्याकाळ लावते. त्याचा काय संबंध, मी फवारणीचं विचारलं.

नर्सताई_जालना:
संबंध लई आहे. फवारणीचा संपर्क थोड्या दिवसांचा, मिसरीतलं निकोटीन दिवसातून दोनदा आणि नऊ महिने. मिसरी लावणाऱ्या आयांची बाळं कमी वजनाची, वेळेआधी होतात, पोटात दगावण्याचा धोका वाढतो. याबद्दल शंका नाही. भाजताना उठणारा धूर आणि चुलीचा धूर वर. आजपासून बंद करायला सांगा, आणि तंबाखू भाजायची असेल तर आईनं अंगणात, हिच्यापासून लांब भाजावी.

शांताबाई_अंबड:
हे खरं बोलली. मिसरी सुटताना पहिले आठ दिवस चिडचिड होते, बडीशेप-लवंग तोंडात ठेवायला दे. आणि सासूनं पण तिच्यापुढं लावू नये.

सेलूचा_कापूस:
आईला कोण सांगणार. बरं. गोळ्या आणत नाही. उद्या दवाखान्यात नेतो. डबे आजच गोठ्यात हलवतो.

भूजल_पाहणारा:
गोठ्यात नको, जनावरं तोंड घालतात, आणि ती शेण काढायला जातेच. शेतात कुलपाची पत्र्याची पेटी करा, विहिरीपासून लांब.

नर्सताई_जालना:
फवारणीचे तुमचे कपडे वेगळ्या बादलीत, तुम्हीच धुवायचे, तिच्या हाती द्यायचे नाहीत. उद्या डॉक्टरांना कोलिनेस्टरेजची रक्त तपासणी (अशा औषधाचा अंगावर परिणाम झाला का ते बघायची) लागेल का विचारा. गरोदरपणात तो आकडा थोडा कमी येतोच, तेवढ्यानं घाबरू नका. काय म्हणाले ते इथं लिहा.