चिंचिला, घरातलं बांधकाम आणि येणारं बाळ: सल्ला हवा आहे

सायंतारा
नमस्कार मंडळी. आमच्याकडे चिंगी नावाची चिंचिला (उंदराच्या कुळातला, दाट मऊ केसांचा छोटा प्राणी) आहे. लवकरच घरात फरशी आणि बाथरूमचं काम निघतंय, म्हणजे दिवसभर ड्रिल आणि ठोकाठोकी, मग रंगकाम. त्यापाठोपाठ बाळ येणार, त्यामुळे तिचा पिंजरा कायमचाच दुसऱ्या खोलीत हलवायचा आहे. साधा मिक्सर लावला तरी ती आपल्या लाकडी घरट्यात शिरते. परवा दार जोरात आपटलं तर कितीतरी वेळ भुंकल्यासारखी ओरडत होती. पिंजऱ्यावर जाड चादर टाकली तर आवाज कमी होईल का? आणि काम चालू असताना तिला घरीच ठेवावं की नातेवाइकांकडे? जीव अगदी टांगणीला लागलाय.

निशाचर
आधी चादरीचं सांगतो, कारण धोका तिथेच जास्त आहे. चिंचिला मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या थंड, कोरड्या डोंगरातली. एकेका मुळातून पन्नासहून जास्त केस निघतात, त्यामुळे अंगातली उष्णता तिला सहज बाहेर टाकता येत नाही. खोलीचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की उष्माघाताची भीती असते. आवाजासाठी दारं-खिडक्या बंद केल्या आणि वर पिंजराही झाकला, तर आतली हवा कोंडते. कान लालबुंद आणि गरम लागले, ती आडवी पडून राहिली, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

शिवाय चादरीने ड्रिलचा आवाज फारसा अडत नाही. चिंचिलाच्या ऐकण्याचा पल्ला बराचसा माणसासारखा असतो, म्हणून तर कानाच्या संशोधनात तिचा इतकी वर्षं वापर होत आला आहे. ठोकण्याचे खालच्या पट्टीतले दणके तिला नीट ऐकू येतात आणि ते भिंतीतून, जमिनीतून पिंजऱ्याच्या सळ्यांपर्यंत पोचतात. त्यामुळे पिंजरा भिंतीपासून थोडा सुटा करा आणि पायांखाली जाड रबरी चटई घाला. पाठीमागची आणि एक बाजू कापडाने झाकली तर चालेल, बाकी मोकळंच ठेवा.

पिंजरा काम सुरू व्हायच्या बराच आधी हलवा. नवी खोली आणि ड्रिल एकाच दिवशी नको. हलवताना पिंजरा घासूनपुसून लख्ख करू नका, घरटं आणि फळ्या तशाच राहू द्या. स्वतःचा वास असला की तिला जागा आपली वाटते. खाण्याच्या वेळा, डस्ट बाथ (अंग साफ करायला खास बारीक मातीत लोळणं), पिंजऱ्याबाहेर सोडायची वेळ, यातलं काहीही बदलू नका. दिवस ही तिची झोपेची वेळ आणि काम नेमकं तेव्हाच चालणार. म्हणून संध्याकाळी ती उठते तेव्हा तरी घर शांत राहू द्या.

गवतफुला
वरच्याशी सहमत, पण मी त्या दिवसांत नातेवाइकांकडे ठेवायच्या बाजूची आहे. फरशी कापताना उडणारी बारीक धूळ आणि रंगाचा वास तिच्या फुप्फुसांना आवाजापेक्षा जास्त बाधेल. मात्र त्या घरात कुत्रा-मांजर नको, खोली थंड हवी आणि पिंजरा तिचा स्वतःचाच न्यायचा.

आणखी एक, घाबरलेली असताना तिला पकडायला जाऊ नका. मुठीत केसांचा अख्खा पुंजका येतो. शिकारी प्राण्याच्या तावडीतून सुटायची तिची ती युक्तीच आहे. तिथली कातडी गुळगुळीत, उघडी दिसते आणि केस पूर्ववत यायला काही महिने लागतात. शेजारी बसून हळू आवाजात बोलत राहा, ती आपणहून बाहेर येऊ दे.

सायंतारा
खूप आभार दोघांचे. धुळीचा विचारच मनात आला नव्हता. ताण जास्त होतोय हे कळणार कसं? आणि बाळाच्या रडण्याची सवय आधीपासून करता येईल का?

निशाचर
लेंड्या बघा. एरवी त्या भरपूर असतात, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या आणि कोरड्या. त्या बारीक, टोकदार किंवा कमी दिसल्या तर ती गवत कमी खातेय. अर्धा दिवस खाणं किंवा लेंड्या पूर्ण थांबल्या तर सकाळची वाट पाहू नका. आतड्यांची हालचाल थांबली की या प्राण्याची तब्येत फार झपाट्याने ढासळते. आतापासूनच स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा, घट डोळ्यांना उशिरा दिसते. कुशीवरचे किंवा पाठीवरचे केस कुरतडलेले, आखूड दिसले तर तेही ताणाचं लक्षण असू शकतं.

रडण्याची सवय नक्की होते. संध्याकाळी ती गवत खात असताना रेकॉर्डिंग अगदी हळू लावा. तिने चघळणं थांबवून कान ताठ केले तर आवाज आणखी कमी करा. खात राहिली तरच काही दिवसांनी थोडा वाढवा.

गवतफुला
त्या वेळी वाळक्या गुलाबाची एखादी पाकळी हातातून द्या, पण एकच. मनुका वगैरे गोड नको, पोट बिघडतं.

सायंतारा
आज रात्रीच वजन करते. पिंजरा या आठवड्यात हलवतो आणि फरशी कापायचे दिवस व रंगकाम होईपर्यंत तिला नणंदेकडे ठेवतो. त्यांच्याकडे कुत्रा-मांजर नाही, वातानुकूलित खोलीही रिकामी आहे. डॉक्टर चिंचिला तपासतात का, हे उद्या फोन करून विचारून ठेवते.