साडेचार एकरांची वाईन, साडेपाच लाख डॉलरची बाटली: हा वारसा नक्की कशाचा?

भटका_बोका (धागाकर्ता)
गेल्या महिन्यात दिजाँहून सायकल मारत व्होन-रोमानेला गेलो होतो. फ्रान्समधल्या बरगंडीतलं हे एवढंसं गाव. जगातली सगळ्यात महागडी रेड वाईन ज्या मळ्यात पिकते तो 'रोमाने-काँती' मी चक्क ओलांडून पुढे गेलो आणि मग मागे वळलो. बुटकी दगडी भिंत, कोपऱ्यात दगडी क्रॉस आणि एक पाटी. पाटीचा मथितार्थ असा की तुम्ही बघायला येता हे आम्ही समजू शकतो, पण कृपा करून रस्त्यावरच थांबा. तोडणी होऊन गेली होती. पानाआड राहिलेला एक घड दिसला, मुठीत मावेल एवढा.

मळा 1.8 हेक्टरचा, म्हणजे जेमतेम साडेचार एकर. वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या. 2018 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात इथली 1945 सालची एक बाटली 5 लाख 58 हजार डॉलरला गेली.

आता माझा मुद्दा. विकताना सांगतात ती गोष्ट भारी आहे. आधी सेंट-व्हिव्हाँच्या मठाचं शेत, 1760 मध्ये प्रिन्स द काँतीने घेतलं, क्रांतीत जप्त झालं, 1869 मध्ये द्युव्हो-ब्लोशेने विकत घेतलं. पण 1945 ची तोडणी झाल्यावर या वेली मुळासकट उपटल्या! 1946 ते 51 वाईनच नाही. त्याच मालकांच्या 'ला ताश' मळ्यातल्या काड्या आणून 1947 मध्ये नवी कलमं लावली आणि 1952 पासून पुन्हा बाटली सुरू. म्हणजे मठवाल्यांच्या वेलींशी आजच्या बाटलीचं नातं फक्त लेबलापुरतं. माझ्या मते ही किंमत नावाची आणि टंचाईची आहे. मातीचं नाव उगाच पुढे करतात. हाणा.

चोखंदळ_सदाशिव
सहमत, आणि पुरावाही देतो. रूडी कुर्नियावान नावाचा गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या घरी बसून इकडची-तिकडची वाईन मिसळायचा, जुनी लेबलं चिकटवायचा आणि लाखो डॉलरला विकायचा. त्याचं टोपणनावच होतं 'डॉ. काँती'. मोठमोठे जाणकार त्याच्याबरोबर बसून प्यायले आणि माना डोलावत राहिले. पकडला कसा गेला? बरगंडीतल्याच पोन्सो या वाईन बनवणाऱ्या घराण्याच्या नावाच्या बाटल्या त्याने लिलावात काढल्या, आणि त्यावर छापलेल्या सालांत ते घराणं ती वाईन बनवतच नव्हतं! 2014 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. जिभेला जे कळलं नाही ते कागदाने पकडलं. एवढं बोलून थांबतो.

निफाडचा_बागाईतदार
बोकेसाहेब, बाग काढली म्हणजे शेत संपलं, हे कुठून आणलंत? आमच्याकडे बारा-पंधरा वर्षांनी बाग काढतोच. आजोबांची बाग वेगळी, वडिलांची वेगळी, माझी तिसरी. गट नंबर तोच. ओढ्याकडच्या दोन एकरांत काळी जमीन, वरच्या बाजूला मुरमाड. एकच छाटणी, एकच औषध, तरी वरचा माल आधी गोड होतो. हे मला कोणत्या लेबलाने शिकवलं नाही.

त्यांनी वेली का उपटल्या तेही सांगा की. फिलोक्सेरा म्हणून मुळं खाणारी कीड अमेरिकेतून फ्रान्सला आली. बाकी सगळे अमेरिकन खुंटावर, म्हणजे या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या मुळावर, कलमं करून मोकळे झाले. या लोकांनी मात्र जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचत स्वतःच्या मुळावरची बाग दुसऱ्या महायुद्धापर्यंत ओढली. युद्धात औषधही मिळेना आणि माणसंही. 1945 ला जेमतेम 600 बाटल्या निघाल्या. मग काढली. हौसेने कोणी काढत नाही हो.

आम्हीही डॉगरिज नावाच्या खुंटावर थॉमसन या खायच्या द्राक्षाचं कलम करतो, पण किडीसाठी नाही, खारं पाणी आणि दुष्काळ म्हणून. खुंट बदलला की वेलीचा स्वभाव थोडा बदलतो, हे खरंच आहे. जमीन बदलत नाही.

आणि हिशेब करा. साडेचार एकरांत साडेपाच हजार बाटल्या, म्हणजे एकरी सव्वा टन माल. मी खायच्या द्राक्षाचे एकरी दहा टन काढतो. माझ्या बागेत कोणी सव्वा टनावर आला तर त्याची सोयरीक मोडेल.

भटका_बोका
दादा, सोयरिकीवर हसलो, पण मुद्दा सुटला. वर फक्त एक वाट ओलांडली की 'ला रोमाने' नावाचा 0.85 हेक्टरचा मळा लागतो. तोच उतार, तीच पिनो न्वार ही द्राक्षाची जात, मालक वेगळे. तीही स्वस्त नाही, पण काँती तिच्या कित्येक पट. मातीत एवढा फरक एका वाटेने पडतो?

तळघरातली_ताई
मी मुंबईत वाईन विकते, म्हणून थोडं. एका वाटेने फरक पडतो. वरचा उतार जास्त तीव्र आहे आणि मातीचा थर पातळ. पण किंमतीइतका फरक पडतो का? मुळीच नाही, इथे बोका बरोबर आहे. काँती पूर्वापार सुटी मिळतच नसे. त्याच घराच्या इतर बाटल्यांच्या खोक्यात एखादी यायची. असा माल जगभरच्या श्रीमंतांत वाटला की भाव कोण ठरवणार, माती?

सदाशिवांचा दाखला मात्र मला पटत नाही. ज्यांनी खरी कधी चाखलीच नाही ते फसले, यात वाईनचा काय दोष? मी 'ला ताश' एकदाच चाखली आहे, दोन घोट, तेही ग्राहकाच्या कृपेने. हे लोक घड बहुतेक देठासकट आंबवतात. पहिल्या घोटाला नुसता गुलाब आणि मागून सुकलेल्या चहापत्तीसारखा तुरटपणा. ग्लास रिकामा झाला तरी वास येत होता. घरी गेल्यावर नवऱ्याला हात हुंगायला लावला. तो म्हणाला, साबण.

चोखंदळ_सदाशिव
ताई, निकाल तुमच्या यजमानांनीच दिला. 😄

निफाडचा_बागाईतदार
सदाशिवराव, नुसत्या नावावर चालत असतं तर 2010 ची भानगड झाली असती का? मालकांना पत्र आलं, दहा लाख युरो द्या नाहीतर वेली मारतो. सोबत मळ्याचा नकाशा. बुंध्याला भोक पाडून विष घातलेलं. दोन वेली गेल्या. शेजारच्या शाँबोल-म्युझिन्यीच्या कब्रस्तानात पैसे घ्यायला आला तेव्हा पोलिसांनी धरला. चोरालाही ठाऊक होतं, जीव कुठे आहे.

भटका_बोका
चोराला बाजारभाव ठाऊक होता, दादा. ज्या बाटलीला पाचशे रुपये मिळतात तिच्या वेलीला कोण भोक पाडतं? माझाच मुद्दा झाला.

निफाडचा_बागाईतदार
बरं. मग त्या दोन वेलींच्या जागी काय केलं असेल? नांग्या भरल्या असतील, म्हणजे मेलेल्या वेलींच्या जागी नव्या लावल्या असतील, त्यांच्याच बागेतली चांगली काडी निवडून. 1945 पर्यंत तर दाब कलमच करायचे, म्हणजे जुन्या वेलीची फांदी वाकवून मातीत पुरायची, मुळं फुटली की नवी वेल. मठवाल्यांनी लावलेली वेल त्या काळातही कुठे जिवंत होती? ती बाग कायमच अशी थोडी थोडी मरत आणि भरत आलेली आहे. तुम्ही 1947 वरच अडून बसलात.

आता घोड्याने नांगरतात म्हणे, ट्रॅक्टरने जमीन दबते म्हणून. माझ्या बापाने बैल विकले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पुढच्या खेपेला गेलात तर घोड्यामागे नांगराने पडलेल्या तासाचा जवळून फोटो काढा, ढेकळं कशी पडतात ते बघायचंय. आता झोपतो, गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू आहे, सहाला मजूर येतात.