मदत हवी आहे: ग्रीसमध्ये मायसीनी की नोसॉस?

मंडळी, ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन ग्रीसला जातोय, हातात जेमतेम आठ दिवस. अथेन्स ठरलंय, पण जीव अडकलाय मायसीनीच्या प्राचीन गडात. १८७६ मध्ये उत्खनन करणाऱ्या श्लीमानला तिथल्या थडग्यांत सोन्याचा मुखवटा सापडला. त्याला वाटलं, हा ट्रॉयवर चालून गेलेला ग्रीक राजा अ‍ॅगामेम्नॉनच. निघाला ट्रॉयच्या लढाईच्याही काही शतकं आधीचा! मुखवटा अथेन्सच्या संग्रहालयात आहे, मग आधी तो पाहावा की मायसीनीच्या गडाचं सिंहद्वार? बाबांचे गुडघे दुखतात, गडाचा चढ झेपेल का? मुक्कामाला जवळचं नाफ्प्लिओ गाव बरं पडेल का?

क्रीट बेटावरचा नोसॉसचा प्राचीन राजवाडाही खुणावतोय, पण तिथे उत्खनन करणाऱ्या इव्हान्सने काँक्रीट ओतून उभारलेले रंगीत खांब बघून हिरमोड होतो म्हणे. खरंय?

आणि हो, १९५२ मध्ये व्हेंट्रिस या वास्तुविशारदाने लिनिअर बी ही मायसीनीच्या काळातली ग्रीक लिपी उलगडली, त्यावर मराठीत काही वाचायला मिळेल का?