दोन हातांचा संथ फ्लाय रॉड: लाइन चाळीस फुटांवरच का कोसळते?

मुलुंडचा_गळवाला:
सर्वांना नमस्कार. माझे मामा स्कॉटलंडमध्ये नोकरीला असताना स्पे नदीवर सॅमनसाठी जो 15 फुटी, तीन तुकड्यांचा कार्बनचा रॉड वापरत असत, तो त्यांनी यंदा मला दिला. मुठीच्या वर 9 हा आकडा, म्हणजे त्याला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा क्रमांक, लिहिलेला आहे आणि रॉड अतिशय संथ, म्हणजे स्लो ॲक्शनचा आहे. गेली चार वर्षे मी 9 फुटी, कडक, एकहाती रॉडवर गरवत आलो आहे. पवईला तीन रविवार प्रयत्न केला. रोल कास्ट (लाइन मागे न टाकता पाण्यावरूनच पुढे उलगडणे) कशीबशी जमते, परंतु सिंगल स्पे (लाइनचे टोक बाजूला पाण्यावर टेकवून, दिशा बदलून केलेली फेक) करू लागलो की लाइन जेमतेम 40 फुटांवर जाऊन गुंतवळासारखी पाण्यावर पडते, आणि अधूनमधून मागे चाबूक ओढल्यासारखा फटका ऐकू येतो. हा रॉड मुठीपर्यंत वाकतो असे मामा सांगतात. माझ्या हातात मात्र त्याचा वरचा तिसरा हिस्साच काय तो वाकतो. जोर वाढवला की फेक आणखी बिघडते. मामांचा खांदा आता उचलत नाही, त्यामुळे ते काठावर बसून "घाई करतोस" एवढेच म्हणतात. नेमके काय चुकत असावे?

दादरचे_काका:
मामांचे निदान बरोबर आहे, फक्त ते थोडक्यात सांगितलेले आहे. कडक रॉड शेंड्याशी वाकतो आणि लगेच सरळ होतो. संथ रॉडचा वाक शेंड्यापासून मधल्या भागातून मुठीकडे उतरतो आणि तिथून परत वर येतो. या जाण्यायेण्याला लागणारा वेळ आपण कितीही जोर लावला तरी कमी होत नाही. तुम्ही सवयीने एकहाती रॉडच्या तालावर पुढचा फटका मारता, तेव्हा मागचा डी-लूप, म्हणजे रॉडमागे लाइनचा होणारा इंग्रजी D सारखा फुगवटा, अजून भरलेलाच नसतो. चाबकाचा आवाज येतो तो वेगळ्या कारणाने: मागे नेताना हिसका बसला की पाण्यावर टेकायला हवे ते लाइनचे टोक, म्हणजे अँकर, टेकतच नाही आणि लाइन हवेत उलटते. कधी माशी (लाइनच्या टोकाला बांधलेले कृत्रिम आमिष) तपासून पाहा, गायब असेल.

सुरुवात रॉडचा शेंडा पाण्याला लावून करावी, उचल संथ ठेवावी आणि झोत, म्हणजे रॉड मागे वळवत नेण्याची हालचाल, एकाच लयीत वाढत न्यावा. पुढच्या फेकीत वरचा हात दाराच्या बिजागरीसारखा जवळजवळ जागेवर राहिला पाहिजे, आणि काम खालच्या हाताने, मूठ पोटाकडे ओढून करायचे. मी स्वतः दोन हिवाळे वरच्या हाताने ढकलण्यात घालवले आहेत, त्यामुळे हे जरा कळकळीने लिहितो आहे.

खाडीकाठचा:
काकांचे सगळे मान्य करूनही मला शंका लाइनची येते. वरचा तिसरा हिस्साच वाकतो, ही या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. आपण लाइन कोणती लावली आहे?

मुलुंडचा_गळवाला:
माझ्याच जुन्या रिळावरची, वेट फॉरवर्ड (वजन पुढच्या भागात असलेली), 9 नंबरची. आकडा जुळत असल्यामुळे नवी घेतली नाही.

खाडीकाठचा:
मग रॉडला दोष देऊ नका. एकहाती 9 नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट 240 ग्रेन, म्हणजे साधारण 15.5 ग्रॅम वजनाचे असतात, आणि त्यापुढे बारीक रनिंग लाइन सुरू होते. मामांच्या काळात अशा रॉडवर डबल टेपर लाइन असे, तिचा जाड भाग लांबवर जात असल्यामुळे 60 फूट बाहेर काढली की दुपटीहून जास्त वजन रॉडवर येई. आज दोन हातांच्या 9 नंबरच्या रॉडसाठी जी स्पे लाइन मिळते, तिचे डोके, म्हणजे पुढचा जाड भाग, साधारण 600 ते 700 ग्रेनचे, म्हणजे 39 ते 45 ग्रॅमचे असते. आकडा तोच, वजन अडीच पटींहून अधिक! शिवाय डी-लूपमध्ये बारीक रनिंग लाइन आली की ती पुढच्या जाड भागाला ढकलू शकत नाही. तुमची फेक 40 फुटांवर कोसळते, ती यामुळेच.

संथ आणि लांब रॉडला 55-60 फुटी डोक्याची लाइन माझ्या मते शोभते. आखूड, जड स्कॅजिट डोके जड माशी उचलायला उत्तम, पण त्यात या रॉडची मजा निघून जाते. जुनी लाइन कोणी दिली, तर डोके सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा ते बरे.

दादरचे_काका:
खाडीकाठच्यांनी माझ्या नजरेतून निसटलेले पकडले. एक भर घालतो. पवईत प्रवाह नाही, त्यामुळे प्रत्येक फेकीआधी लाइन एका रोल कास्टने सरळ करून घ्यावी, नाही तर ढिलाई काढण्यातच निम्मा झोत संपतो. आणि स्पेवरची मंडळी कंबरभर पाण्यात उतरतात तसे येथे करू नये, तलावात मगरी आहेत.

मुलुंडचा_गळवाला:
एका परिचितांकडून 58 फुटी डोक्याची लाइन मिळाली, काट्यावर 42 ग्रॅम भरली. काल पहिल्या वीसेक फेकी वायाच गेल्या. नंतर एकदा झोत पुरा होईपर्यंत मुद्दाम थांबलो, आणि खालच्या तळहातात कॉर्क किंचित वाकल्यासारखा जाणवला. अँकर पाण्यावरून सुटताना कापड टरकल्यासारखा बारीक आवाज आला आणि लाइन सरळ पसरली. मामा खुर्चीतून उठून उभे राहिले. आता एकच अडचण उरली आहे: दहानंतर वारा उजव्या खांद्यावरून येतो आणि माशी कानाजवळून जाते.

खाडीकाठचा:
त्यावर जोर लावू नका, हात बदला. डावा हात वर घेऊन फेक डाव्या खांद्यावरून करावी, म्हणजे डी-लूप आणि माशी दोन्ही वारा जिकडे जातो त्या बाजूला, तुमच्यापासून दूर राहतात. सुरुवातीला उजवा हात रुसतो. तोवर दहापूर्वी गरवा आणि चष्मा काढू नका.