रस्ता ओलांडण्यासाठी पादचारी पूल मागावा का?

भांडुपकर:
आमच्या वस्तीतील लोकांना रेल्वे स्थानकाकडे जाण्यासाठी लाल बहादूर शास्त्री मार्ग ओलांडावा लागतो. चौकात सिग्नल आहे, परंतु पादचाऱ्यांचा हिरवा दिवा इतका थोडा वेळ राहतो की माझी आई दुभाजकापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच वाहने सुटतात आणि लोखंडी जाळीच्या फटीत, जेमतेम पाऊल मावेल एवढ्या जागेवर, तिला पिशवी छातीशी धरून उभे राहावे लागते. रहिवाशांच्या बैठकीत बहुतेकांनी पादचारी पुलाची मागणी उचलून धरली आहे. निवेदनाचा मसुदा माझ्याकडे सोपवला आहे, म्हणून विचारतो: पूल हा योग्य उपाय आहे का? नसेल, तर नेमके काय मागावे?

स्थापत्य_पार्ले:
पूल मागू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरी रस्त्यावर पुलाखाली वाहनांसाठी साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते. त्यात तुळयांची जाडी मिळवली की पंधरा सेंटिमीटरच्या सुमारे ४० पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. आपल्या आईसारखी माणसे त्या पुलाकडे फिरकणार नाहीत, खालूनच जातील, आणि पूल झाल्यावर खालचे झेब्रा पट्टे पुसले गेले तरी त्याची दखल कोणी घेणार नाही. स्थानकाच्या पुलाला थेट जोडलेल्या स्कायवॉकची गोष्ट वेगळी, कारण तिथे प्रवासी आधीच त्या उंचीवर असतो.

सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. रस्ता २४ मीटर रुंद असेल तर या वेगाने २० सेकंद पुरतात. गुडघे दुखणारी व्यक्ती ०.८ मीटरच्या वेगाने चालत असेल तर तिला ३० सेकंद लागतात, म्हणजे दिवा बदलतो तेव्हा ती अजून आठ मीटर अलीकडे असते. म्हणून वेळ वाढवून मागा आणि दुभाजकात निदान दोन मीटर रुंदीचा, चाकाची खुर्ची मावेल असा थांबा मागा.

डावीकडे वळणाऱ्या कोपऱ्याकडेही लक्ष द्या. त्याची गोलाई मोठी असली की रिक्षा आणि दुचाक्या वेग कमी न करताच वळतात. कोपरा आवळता येतो, आणि त्यासाठी लगेच खोदकाम लागत नाही: मालाडच्या मीठ चौकीत रंग आणि तात्पुरते अडथळे वापरून चौकाची आखणी बदलून पाहिलेली आहे.

दादरची_वाचक:
पदपथाचा उल्लेखही निवेदनात असू द्या. मी चाकाच्या खुर्चीवरून फिरते, त्यामुळे चौक कितीही सुधारला तरी तिथवर पोहोचणे हाच माझ्यापुढचा पहिला प्रश्न असतो. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी पदपथ कापलेला, पुढे पुन्हा गुडघ्याला येईल एवढा उंच, त्यात मध्येच विजेची पेटी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागात १.८ मीटर रुंदी पूर्ण मोकळी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. मोकळा पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले आहे, तेही लिहा.

भांडुपकर:
दोघांचेही मनापासून आभार. एक अडचण उरते: फेरीवाल्यांना हटवल्याशिवाय पदपथ मोकळा होणार नाही, असे बैठकीत अनेकांचे म्हणणे होते. मला ते पटत नाही, आमची भाजी तिथलीच असते.

स्थापत्य_पार्ले:
ती मागणी या निवेदनात मिसळू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रीच्या जागा ठरवण्याचे काम नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने व्हायचे असते, आणि तो वाद सुरू झाला की सिग्नल बाजूला पडेल. शिवाय पदपथ अडवणाऱ्या उभ्या दुचाक्याही मोजा. निवेदनाच्या दोन प्रती करा: सिग्नलच्या वेळेसाठी वाहतूक पोलिसांना, दुभाजक, कोपरा आणि पदपथासाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयाला. सोबत सायंकाळच्या गर्दीच्या वेळी काढलेली दुभाजकावरील छायाचित्रे जोडा.